स्वयंपाकघराखालचा शेवटचा खण

४ सप्टेंबर, रविवार

राउनोचा फोन. पाऊण तास! त्यातली पंचवीस मिनिटं नुसती माझ्या पायांवर. पोरगा बसलाय तालिन शहरात, पण माझ्या घोट्यांची खडान्‌खडा माहिती त्याला. डॉक्टरीणबाई म्हणे परस्पर त्याच्याशी बोलल्या — सांधे, गारठा, वय सहासष्ट. 'आई, गेल्या हिवाळ्यात तू बूट घालून झोपत होतीस.' हे त्याला कुणी सांगितलं? एल्फ्रीडेमावशीने, आणखी कुणी! चौऱ्याऐंशी वर्षांची झाली, पण कुंपणापलीकडून तिला माझ्या पांघरुणाच्या आतलं दिसतं.

मुद्दा असा, की या हिवाळ्यात मी इथे राहायचं नाही. त्याच्याकडे जायचं, पाचव्या मजल्यावर. घराला कुलूप. मी म्हटलं, माझ्या गाण्याच्या बायकांचं काय? दर गुरुवारी सातजणी माझ्या पुढच्या खोलीत गातात, तीस वर्षं झाली. तर म्हणतो, गाणं काय, उन्हाळ्यातही म्हणता येतं. हा माझ्याच पोटचा!

शेवटी तह झाला. २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, तो वाल्टरच्या, त्याच्या बाबांच्या, कबरीवर मेणबत्ती लावायला येतोच. त्या दिवशी घर तापवायची भट्टी एकदाच पेटवायची, सकाळी, नेहमीसारखी. दुपारी तो खोल्याखोल्यांतून घोट्याच्या उंचीवर तापमापक ठेवणार. सगळीकडे अठरा अंश भरले तर मी इथे. एका कोपऱ्यात जरी कमी भरले तरी बॅग भरायची आणि त्याच गाडीतून जायचं. मी शब्द दिला. फोन ठेवल्यावर लक्षात आलं काय करून बसले ते.

गेल्या जानेवारीत घोट्याशी नऊ होते. राउनोला मी बारा सांगितले होते.

५ सप्टेंबर

रात्रभर विचार केला. भट्टी चांगली आहे. भिंती चांगल्या आहेत, दीड वीत जाडीचे ओंडके. गारठा येतो तो खालून. घर दगडी जोत्यावर, जोत्याच्या आत पोकळी, माणूस जेमतेम पोटावर सरपटेल एवढी. तिथून वारा फिरतो आणि वर फळ्यांच्या फटींतून माझ्या पायांना चावतो.

पण वाल्टरने तर १९८४ साली सगळी जमीन खालून भरून घेतली होती! आठवडाभर रोज संध्याकाळी खाली जायचा, केसांत भुसा घेऊन वर यायचा. बसला असणार आता तो भुसा. सत्तावीस वर्षं झाली. कुणीतरी खाली जाऊन बघायला हवं.

कोण जाणार? या गावात साठीच्या आतले तीन पुरुष, आणि तिघांचीही पोटं आमच्या जोत्याच्या दारातून जाणार नाहीत. एल्फ्रीडेमावशी म्हणाली, 'एंडेलला विचार की पोरी. वाळलेला आहे, मावेल.'

एंडेल म्हणजे जंगलापलीकडचा. दोन किलोमीटरवर राहतो, सात मेंढ्या आणि तो. आयुष्य वनखात्यात गेलं. दुकानात भेटला की टोपीला हात लावतो. वाल्टर गेल्यापासूनच्या नऊ वर्षांत तो माझ्याशी जे काही बोलला ते एका पोस्टकार्डावर मावेल, वर तिकीट लावायला जागा उरेल. तरी निरोप धाडला.

८ सप्टेंबर

आला. टोपी काढली. 'दार कुठंय?' म्हणाला. संपलं. मागच्या बाजूला जोत्यात कुत्र्याच्या घराएवढं दार आहे, ते दाखवलं. त्याने जुनं मेंढीचं कातडं अंथरलं, कपाळाला दिवा बांधला आणि सरड्यासारखा आत गेला.

मी वर बसले. फळ्यांखालून खरखर ऐकू येत होती — आधी न्हाणीघराखाली, मग पलंगाखाली, मग पुढच्या खोलीत. तिथे थांबली. आणि पायांखालून अगदी स्वच्छ आवाज आला, जणू माणूस टेबलाशी बसलाय.

'माइमू, इथे वर काय आहे?'

मी म्हटलं, वाल्टरची खुर्ची.

बोटाने फळी ठोकल्याचा आवाज. मग म्हणाला, 'तरीच.'

आणि मग बोलायला लागला तो! तुळयांमधले एकतीस खण आहेत म्हणाला. त्यातले एकोणतीस रिकामे. नुसत्या फळ्या, खाली वारा. भुसा बसलाय वगैरे काही नाही, भुसा कधी नव्हताच. फक्त दोन खण ठासून भरलेत. शेवाळ, भुसा, तागाचा चोथा, त्यावर वर्तमानपत्रं, त्यावर फळी. 'राजाला करावं तसं काम आहे,' म्हणाला. ते दोन खण बरोबर वाल्टरच्या खुर्चीखाली. आणि शेजारी एक खोकं, त्यावर उशी, आणि ओळीने लावलेल्या अकरा रिकाम्या बाटल्या.

सत्तावीस वर्षं! मी म्हणायची, गार लागतंय रे. तो खुर्चीतून म्हणायचा, मला तर नाही लागत बाई. मला वाटायचं माझंच रक्त पातळ. लोहाच्या गोळ्या खाल्ल्या मी! चार वर्षं!

हसू आलं की रडू, सांगता येत नाही. जमिनीवर बसले आणि फळ्यांना म्हटलं, एंडेल, नऊ वर्षं मी दर आठवड्याला त्या माणसाच्या कबरीवरची फुलं बदलते आहे.

खालून आवाज आला, 'या आठवड्यात राहू देत मग.'

९ सप्टेंबर

राहू दिली.

१० सप्टेंबर

नेली. पण बागेतली डेलियाची चांगली फुलं नाहीत. कुंपणाकडची.

१२ सप्टेंबर

एक गोष्ट लक्षात आली आहे आणि ती मी कुणाला सांगणार नाही. एंडेल जमिनीवर मुका आहे आणि जमिनीखाली बोलका.

वर असला की 'तुम्ही', 'हं', 'कॉफी पुरे'. खाली गेला की 'तू', आणि मग धार सुटते. आज सकाळपासून जंगलातल्या बिजूंबद्दल बोलला — बिजू आपलं बीळ किती स्वच्छ ठेवतो, आतली गवताची गादी बाहेर काढून उन्हात घालतो. मग बायकोबद्दल. ती ब्याण्णव साली स्वीडनला गेली, नाताळाला कार्ड पाठवते, नव्या नवऱ्याची सहीसुद्धा असते त्यावर. त्याला राग नाही. 'त्याचं अक्षर चांगलं आहे,' म्हणाला.

मी वर बटाटे सोलत होते. चेहरा दिसत नाही, त्याने बरं पडतं. मीही बोलले. वाल्टर गेल्यावर पहिला महिना मला हलकं हलकं वाटलं होतं, आणि त्याची मला इतकी लाज वाटली की आजवर कुणापाशी बोलले नव्हते. एंडेलने ऐकून घेतलं. म्हणाला, 'ती गेली तेव्हा मी आधी दोन दिवस झोपलो. मग रडलो. आधी झोपलो, हे मीही कुणाला सांगितलं नाही.'

बटाटे दुप्पट सोलले गेले.

१५ सप्टेंबर

सामान आलं! त्याच्या ट्रॅक्टरमागे ट्रॉली भरून. लाकडाच्या तंतूंच्या जाड गाद्या, विटकरी रंगाच्या, ताज्या करवतीचा वास. मी विचारलं, कुठून एवढ्या? 'हं' म्हणाला. खाली गेल्यावर सांगितलं, शहरात एका बांधकामावर उरल्या होत्या, त्याच्याकडे नुसत्या पडून होत्या, उंदीर तरी किती खातील. नशीब माझं.

काम असं चालतं: गादी खणापेक्षा एक बोट रुंद कापायची. म्हणजे दाबून बसवली की आपल्या जोरावरच राहते, पडत नाही. मग खालून पातळ फळ्या ठोकायच्या, वारा अडवायला. कापायचं काम माझ्याकडे दिलंय. पहिली गादी मी नेमकी मापाची कापली, बोट रुंद ठेवायला विसरले — ती एंडेलच्या तोंडावर पडली. खालून बराच वेळ थुंकल्याचा आवाज. 'दोन बोटं ठेवलीस तरी चालेल,' म्हणाला.

आज चार खण. सगळे पुढच्या खोलीचे.

१९ सप्टेंबर

चौदा झाले. पुढच्या खोलीत आज अनवाणी उभी राहिले, मुद्दाम. अजून थंडी नाही म्हणून काही सांगता येत नाही, पण पायांना फरक कळतो. फळी मुकी झालीये. आधी कायम एक बारीक झुळूक असायची, ती गेली.

पण आवाजही गेला. एंडेल पुढच्या खोलीखाली असला की आता काहीच ऐकू येत नाही. हाक मारली तरी नाही. बोलायचं तर त्याला रिकाम्या खणांकडे यावं लागतं. येतो. दर अर्ध्या तासाने येतो आणि काहीतरी सांगून परत जातो.

एल्फ्रीडेमावशी कुंपणाशी उभी होती. म्हणाली, 'पलीकडच्या गावात शाळेची अख्खी जमीन चार दिवसांत भरली म्हणे.' मी म्हटलं, शाळेची तुळई सरळ असते. म्हणाली, 'हो ना. इथे फारच वाकडी दिसते.' आणि अख्खं तोंड भरून हसली, दोनच दात आहेत तरी.

सहासष्टाव्या वर्षी लाजायला होतं. काय म्हणावं!

२४ सप्टेंबर, शनिवार

वाफेच्या अंघोळीची सौना तापवली. खाली सरपटणाऱ्या माणसाला शनिवारी धूळ काढायला सौना द्यायची नाही तर काय! तो आधी गेला, मी मागून. मध्ये उंबऱ्याशी भेट झाली — लाल, धुतलेला, केस उभे. 'हं' म्हणाला. मीही 'हं' म्हणाले. मग राईचा ब्रेड, खारवलेली काकडी, धुरावलेला मासा. पाऊण तास समोरासमोर जेवलो आणि एकही शब्द नाही.

हे वाईट होतं असं मला म्हणायचं नाही.

२९ सप्टेंबर, गुरुवार. संत मिखाएलचा दिवस

हसून हसून बरगड्या दुखताहेत. आधी भीती, मग हसू. क्रमाने लिहिते.

दुपारचं जेवण झालं, एंडेल खाली गेला. फक्त स्वयंपाकघराखालचे तीन खण उरले होते. पाचला गाण्याच्या बायका आल्या. नाताळासाठी नवीन गाणं बसवतोय, चार ओळींचं कडवं, आणि तिसऱ्या ओळीत खालच्या पट्टीतल्या तिघी दर वेळी घसरतात. पाच वेळा थांबवलं. मीच चिडले. साडेसहाला गेल्या.

मागच्या दाराने एंडेलला कॉफीची हाक मारली. उत्तर नाही. त्याची सायकलही जागेवर नाही. गेला! न सांगता! लागलं मला. लागलं हे इथेच लिहिते. मुकाट बटाटे घेऊन बसले.

आणि टेबलाखालून आवाज आला, 'माइमू.'

सुरी हातातून पडली.

'तिसऱ्या ओळीत त्या चढतात. घसरत नाहीत, चढतात. तू उलटं सांगते आहेस म्हणून सुधारत नाही.'

मी म्हटलं, अरे, तू अजून खाली?

म्हणाला, 'दार उघडत नाहीये.'

धावत मागे गेले. जोत्याचं दार पेंढा कोंबून बंद! त्यावर फळी, फळीला दोन धोंडे, धोंड्यांवर फरच्या फांद्या, कशा सुरेख एकाआड एक रचलेल्या. शेजारचे झरोकेही शेवाळाने बुजवलेले. बघितल्याबरोबर कळलं. एल्फ्रीडेमावशी! माझ्या सासूने १९६१ साली तिला सांगितलं होतं की मिखाएलच्या दिवशी आमच्या जोत्याची भोकं बंद करत जा, थंडी आत जायला नको. सासू गेली, सोव्हिएत राज्य गेलं, नाणी दोनदा बदलली, पण मावशीचा नेम चुकला नाही. पाऊस येईल म्हणून सायकलही तिनेच छपरीत नेऊन ठेवली होती.

पेंढा उपसून त्याला बाहेर काढलं. ओठ निळे. कधीपासून, विचारलं. साडेतीनपासून. तीन तास!

मी म्हटलं, ओरडायचं नाही का माणसाने? हा आता उघड्यावर होता, त्यामुळे बोलणं कठीण. तरी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. आधी पेंढा आत येताना दिसला. मग म्हातारीचा हात. ती एवढ्या कष्टाने भरत होती, मध्येच कसं थांबवायचं. पुरं होऊ दे म्हटलं. मग ती गेली. मग हाक मारणार तर बायका यायला लागल्या. मग गाणं सुरू झालं, स्वयंपाकघराच्या उघड्या खणांतून ऐकू येत होतं. गाण्यात कसं ओरडायचं? गाणं संपल्यावर मात्र पुढच्या खोलीखाली दगडाने ठोकलं बऱ्याचदा. आवाज वर गेलाच नाही. 'चांगला भरलाय,' म्हणाला. स्वतःच्याच कामात कोंडला गेला! शेवटी सरपटत स्वयंपाकघराकडे आला, उघड्या खणाशी.

असला माणूस! मेला असता तिथे, पण कुणाला अडचण नको.

भट्टीशी बसवलं. हात बर्फ झालेले. दोन्ही हात माझ्या हातांत घेऊन चोळले, बराच वेळ. गरम झाल्यावरही सोडायचं मला सुचलं नाही. त्यानेही काढून घेतले नाहीत.

३० सप्टेंबर

मावशीला सांगितलं. शरम? नाव नको. 'आत माणूस असेल तर त्याने खोकावं,' म्हणाली.

झरोके आता हिवाळाभर उघडेच ठेवायचे हे तिला पटवायला अर्धा दिवस गेला. पूर्वी ऊब पोकळीत अडवायची म्हणून बंद करत. आता ऊब फळ्यांतच अडणार, पोकळीला हवा हवी, नाहीतर तुळया कुजतील. 'पन्नास वर्षं मी बंद केली. पडलं का घर?' घर नाही पडलं मावशी, माणूस पडला असता. मग नरमली. संध्याकाळी शहाजिऱ्याचं घरचं चीज पाठवलं, भलं मोठं. 'त्या कोंडलेल्याला,' म्हणून.

आणि हो — तिसरी ओळ. एकटीने पेटीवर वाजवून बघितली. चढतातच. बरोबर होता तो.

७ ऑक्टोबर

एक खण उरलाय. स्वयंपाकघरातला, मी बटाटे सोलायला बसते त्याच्या बरोबर खाली.

आठवडा झाला, तो उरलेलाच आहे. सोमवारी करवत बोथट. मंगळवारी मेंढीचा खूर. बुधवारी म्हणाला, माप पुन्हा घ्यावं लागेल, तुळई वाकडी आहे. मी पट्टी काढून दिली. खालून बोलतो, मी वरून बोलते, कॉफी होते, जातो.

एवढे बटाटे कोण खाणार? मावशीच्या डुकराला पाठवते.

१४ ऑक्टोबर

सकाळी गवत पांढरं. पहिलं हिव.

एंडेल आला, वाटेत ते बघून आला असावा, कारण सबब न सांगता खाली गेला. मग गादी ओढल्याचा आवाज. मी फळीवर हात ठेवला आणि म्हटलं, एंडेल, तो एक राहू दे की.

ओढणं थांबलं. मग म्हणाला, 'राहिला तर बाकीच्या तीसांची ऊब तिथूनच जाईल. राउनो तापमापक तिथेच ठेवेल.'

मी म्हटलं, ठेवू दे.

म्हणाला, 'मग तू तालिनला.'

गादी वर सरकताना ऐकू आली. फळीला खालून टेकली ते हाताला कळलं. आणि मग आवाज असा गेला जसा दिवा मालवावा.

वर आला. हात धुतले. कॉफी घेतली. मी विणलेले मोजे दिले — राखाडी, आमच्या गावाच्या लाल नक्षीचे, तीन आठवडे लपून विणत होते. त्याने दोन्ही हातांनी घेतले. 'झालं. तुमचे आभार,' म्हणाला. माझे आभार! आणि सायकलवर बसून गेला.

१८ ऑक्टोबर

मोज्यांशिवाय हिंडते आहे घरभर! बाहेर शून्य, आणि मी अनवाणी! सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवते आणि अंग चोरायची तयारी करते — सवयीने — आणि काहीच होत नाही. फळी नुसती फळी असते. रोज सकाळी नव्याने हसू येतं. एकदा तर पुढच्या खोलीत एकटीने पोल्का नाचले. खोटं कशाला, दोनदा.

गुरुवारी बायकांनीही बूट काढून गायलं. तिसरी ओळ सुधारली. कुणी सांगितलं ते मी सांगितलं नाही.

२५ ऑक्टोबर

दुकानात भेटला. टोपीला हात. 'ऊब आहे?' मी म्हटलं, आहे. 'हं.'

घरी येऊन स्वयंपाकघराच्या जमिनीला कान लावला. खाली कुणी नाही हे मला काय माहीत नाही? तरी लावला.

२ नोव्हेंबर

एकोणीस!!

क्रमाने: बाहेर उणे आठ. देवाने परीक्षा नीट घ्यायची ठरवली होती. भट्टी सकाळी सातला, एकदाच. राउनो अकराला आला, आधी स्मशानात गेलो, मेणबत्ती लावली. मी वाल्टरला मनात म्हटलं, आज कळेल बघ. घरी आलो. राउनोने शहरातून चांगला तापमापक आणला होता, आकडे दिसणारा. पुढची खोली एकोणीस. झोपायची खोली साडेअठरा. न्हाणीघराचा कोपरा — माझा जीव तिथे अडकलेला — अठरा पूर्णांक दोन. स्वयंपाकघर वीस! बटाट्यांच्या जागी, बरोब्बर वीस!

पोराने मोजे काढले. मग त्या शहरी विजारीसकट जमिनीवर उताणा पडला, हात पसरून. मी त्याला खुर्चीखालच्या दोन खणांची गोष्ट सांगितली. आधी खदखदून हसला. मग छताकडे बघत म्हणाला, 'बाबा बाहेर गेले की मी त्या खुर्चीशी जमिनीवर बसायचो, आठवतं? तिथे ऊब असायची. मला वाटायचं ती बाबांमुळे आहे.' मी म्हटलं, एका अर्थी होतीच की रे.

आणि तिथेच झोपला. एक तास! वय पस्तीस. जाताना माझी रिकामी बॅग माळ्यावर त्यानेच ठेवली. 'एंडेलकाकांना माझे आभार सांग,' म्हणाला.

हिवाळा माझा! घर माझं!

३ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळीच निघाले. सफरचंदाचा केक फडक्यात बांधून, जंगलातून चालत, राउनोचे आभार सांगायला. एवढ्या वर्षांत एंडेलच्या दारात कधी गेले नव्हते.

तो घरात नव्हता. मेंढ्यांकडे असेल. दार उघडंच होतं. रीतीप्रमाणे बूट काढून आत पाऊल टाकलं — आणि किंचाळणारच होते. फळ्या बर्फ! बर्फासारख्या नाही, बर्फच. बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरलेली. हा गारठा मी ओळखते. सत्तावीस वर्षं माझ्याच घरात होता तो.

भिंतीवर एक पुठ्ठा लावलेला, पेन्सिलीने नकाशा काढलेला. त्याच्याच घराची जमीन. खणांना आकडे, प्रत्येकाचं माप, किती गाद्या लागतील. खाली मे महिन्याची तारीख. आणि कोपऱ्यात, पट्टी न सोडलेल्या दोन गाद्या, विटकरी रंगाच्या. माझ्या जमिनीतल्या. उरलेल्या.

म्हणजे बांधकाम नव्हतंच कुठलं. शहरही नव्हतं. खोटंसुद्धा त्याला जमिनीखालूनच बोलता आलं!

भिंतीवरच्या फळीवर मी दिलेले मोजे ठेवलेले. घडीही मोडलेली नाही.

तो आत आला. मी त्याच्या घराच्या मध्यभागी अनवाणी, हातात केक. त्याने पुठ्ठ्याकडे बघितलं, मग गाद्यांकडे, मग माझ्या पायांकडे. लाल झाला. मी असली भडकले! काय काय बोलले, सगळं आठवत नाही. गाढव म्हटलं हे आठवतं. एवढं मोठं काम, स्वतःची जमीन उघडी टाकून, आणि एका शब्दाने बोलायचं नाही? मी तालिनला गेले असते तर काय झालं असतं, मेले असते का?

म्हणाला, 'तुम्ही गेल्या असतात.' एवढंच.

मग माझ्याच्याने भांडवेना. म्हटलं, एंडेल, नीट ऐक, हे मी एकदाच बोलणार आहे आणि वरूनच बोलणार आहे. माझा गोठा रिकामा आहे. घरात दोन खोल्या नुसत्या गरम होऊन पडल्यात. मेंढ्या घे आणि ये. हिवाळा तिथे काढ. वसंतात इथली जमीन आपण दोघं भरू, गाद्या मी कापेन, एक बोट रुंद. पण मला नुसती भाडेकरूची सोबत नको आहे. मला तू हवा आहेस.

'हं,' म्हणाला.

कसलं हं? ते विचारायचा धीर झाला नाही. केक टेबलावर ठेवला, बूट घातले, आले. तालमीत आज मीच दोनदा चुकले.

४ नोव्हेंबर

नाही.

५ नोव्हेंबर

नाही. दिवसभर ओला बर्फ. खिडकीशी बसून मी रस्ता बघत नव्हते, असं मावशीला सांगितलं. 'हो ना,' म्हणाली, आणि माझ्याशेजारी खुर्ची ओढून तीही बघायला बसली.

६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी नऊ. अंगणात सात मेंढ्या. मागे एंडेल, काखेत उशी, पायांत लाल नक्षीचे मोजे, बुटांच्या वर दुमडून.

पायरीशी थांबला. टोपी काढली. भर उजेडात, माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, 'तुला वाट बघायला लावली. मेंढ्या निघायला तयार नव्हत्या. मी गुरुवारीच होतो.'

राउनोला अजून सांगायचंय.